दगडात दडून बसणारा डॉमिनो पकडायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात घरी ४ × २ × २ फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, आत भरपूर दगड. तीन वर्षांपूर्वी आणलेला डॉमिनो डॅमसेल मासा आता बोटभर लांब झालाय. क्लाउन माशांच्या जोडीला तो कोपऱ्यातून हलू देत नाही आणि नवा सोडलेला गोबी मासा त्याने दोन दिवसांत संपवला. लागोपाठ तीन संध्याकाळी जाळी घेऊन त्याच्या मागे लागून झालं. आता हात पाण्यात गेला की तो दगडात घुसतो. सगळे दगड बाहेर काढावे लागतील का? आणि सापडलाच, तर मुंबईला जाताना समुद्रात सोडून दिला तर चालेल का?

सगळ्यात आधी ती जाळी धुऊन माळ्यावर टाका आणि आठवडाभर तिकडे बघूही नका. तीन संध्याकाळी तुम्ही त्याला पकडत नव्हता, शिकवत होता. जाळी दिसली की कुठे पळायचं, कुठल्या भोकात शिरलं की हात पोचत नाही, माणूस किती वेळाने कंटाळतो, हे सगळं त्याला आता पाठ आहे.

जाळीने चपळ मासा का सापडत नाही, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, पार्श्वरेखा. पाण्यातला बारीकसा दाबही तिला कळतो. जाळी पुढे सरकते तेव्हा तिच्यापुढे पाण्याची एक लाट सरकत असते, आणि जाळीचं कापड जितकं दाट तितकी ती लाट मोठी. म्हणजे जाळी पोचायच्या आधी जाळीची वर्दी पोचते. त्यात माशाच्या मेंदूत केवळ दचकून पळण्यासाठी राखलेल्या दोन मोठ्या पेशी असतात. त्या चेतल्या की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास त्याचं अंग इंग्रजी ‘सी’सारखं वळतं आणि तो निसटतो. आपला हात या शर्यतीत नाहीच. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये आपण गप्पी किंवा गोल्डफिश सहज उचलतो, कारण तिथे दडायला जागा नसते आणि तो मासाही संथ असतो. इथे तुम्ही स्वतःच त्याच्यासाठी पन्नास गुहांचा किल्ला बांधून ठेवलाय.

तेव्हा वेगाने नाही जमणार. त्याचा दिनक्रम वापरावा लागेल. खातो कुठे, झोपतो कुठे आणि भांडायला कुठवर जातो, या तीन गोष्टी कळल्या की मासा निम्मा हातात आला. चार-पाच दिवस नुसतं खुर्ची टाकून बसा आणि वहीत लिहून ठेवा. गंमत म्हणून नाही सांगत. पुढच्या प्रत्येक उपायाला ही माहिती लागणार आहे.

डॉमिनोबद्दल चार शब्द सांगतो, कारण तुमच्यासारखे टँक मी बरेच पाहिलेत. काळा रंग, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका, म्हणून डॉमिनो. लहान असताना निसर्गात तो समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन) शेंड्यांमध्ये क्लाउनसारखाच राहतो आणि तेव्हा फार गोजिरवाणा दिसतो. मोठा होताना ठिपके पुसट होतात, स्वभाव मात्र ठळक होतो. पूर्ण वाढलेला डॉमिनो १४ सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमचा अजून वाढणार आहे. पूर्वी नवा टँक ‘सायकल’ करायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, दुकानदार डॅमसेलच हातात ठेवायचे. स्वस्त, चिवट, अमोनियातही तगून राहणारा. माझ्या पहिल्या टँकमध्येही तो असाच आला. टँक तयार झाला आणि पाहुणा घरमालक होऊन बसला. जो आधी आला, त्याच्या लेखी सगळा टँक त्याच्या बापाचा असतो. त्यामुळे दगडांची रचना बदलून किंवा आठवडाभर जाळीच्या डब्यात कोंडून तो सुधारेल, या आशेवर राहू नका. दुसऱ्या काही माशांच्या बाबतीत हा उपाय चालतो, मोठ्या डॉमिनोवर चाललेला मी तरी पाहिला नाही.

आता मुख्य उपाय: सापळ्याचा डबा. अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्याकडून ३० ते ३५ सेंटीमीटर लांब, १५ रुंद आणि १५ उंच असा पारदर्शक डबा करून घ्या. लांबी महत्त्वाची. मासा पूर्ण आत गेल्यावरही त्याच्या शेपटीमागे एक-दोन माशांची जागा उरली पाहिजे. एका टोकाला वरून खाली सरकणारं दार, मागच्या भिंतीला आणि झाकणाला बारीक भोकं, म्हणजे आमिषाचा वास बाहेर पसरतो. दाराला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बांधा. तो टँकच्या काठावरून खुर्चीपर्यंत यावा. दार उचलून धरायचं आणि वेळ आली की तंगूस सोडायचा.

इथे एक खोच आहे, ती मी दोनदा मासा निसटल्यावर शिकलो. अ‍ॅक्रिलिक खाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम जड असतं. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकचं दार पाण्यात धाडकन पडत नाही, पिसासारखं डुलत खाली येतं. तेवढ्यात डॉमिनो बाहेर येऊन तुमच्याकडे बघत असतो. दार काचेचं करा, कडा घासून घ्या. काच अडीचपट जड, ती पडते. खाचेत दार अडकत नाही ना, हे बादलीत वीस वेळा पाडून बघा. लोखंडाचं वजन लावायच्या भानगडीत पडू नका, गंज उतरतो.

डबा कुठे ठेवायचा, हे वहीतून कळेल. त्याच्या हद्दीच्या आत, पण मोकळ्या वाळूवर, वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) थेट धारेपासून बाजूला. वर एखादा दगड ठेवा, नाहीतर डबा हलतो आणि हलणाऱ्या वस्तूजवळ मासा फिरकत नाही. पहिले दोन दिवस दार उघडं आणि आत काहीही नाही. तो डबा त्याला टँकचाच भाग वाटू दे. या दोन दिवसांत खाणं जवळजवळ बंद. निरोगी, भरल्या अंगाच्या माशाला दोन दिवस उपास सोसतो. टँकमध्ये अँथियाससारखे दिवसातून अनेकदा खाणारे मासे असतील, तर मात्र त्यांच्यासाठी थोडं वेगळ्या कोपऱ्यात टाकावं लागेल.

तिसऱ्या दिवसापासून खाणं फक्त डब्यात, अगदी मागच्या भिंतीशी. फ्रोझन मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) चालतं, पण पाण्याबरोबर ते बाहेर वाहतं आणि मग मासे बाहेरच उभे राहून फुकटचं खातात. यावर माझा उपाय तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, आहे. बाजारातून चार तिसऱ्या आणा, धुऊन एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग एक उघडून शिंपल्यासकट आत ठेवा. मांस शिंपल्याला चिकटलेलं असतं. ते खायचं तर आत जाऊन ओढावंच लागतं, आणि ओढताना माशाचं तोंड आत आणि पाठ दाराकडे असते. आपल्याला नेमकं तेच हवं. राहिलेलं मांस दोन तासांनी काढून टाका, नाहीतर पाणी नासेल.

पहिल्यांदा आत जाणार क्लाउन. मग हर्मिट खेकडे. दार पाडू नका. तंगुसाला हातही लावू नका. डॉमिनो आधी दारातून डोकं घालेल आणि मागे जाईल, मग अर्धा जाईल, मग एक घास घेऊन पळेल. हा खेळ दोन दिवस चालेल, कधी पाच. बायको म्हणेल की तू नुसता डब्याकडे बघत बसतोस. बसा. तो पूर्ण आत जाऊन निवांत दुसरा-तिसरा घास घेतोय, हे सलग दोन वेळा दिसल्यावर पुढच्या वेळी सोडा. पहिला वार फुकट गेला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि दुसऱ्यांदा त्याला दुप्पट दिवस लागतात. आणखी एक: रोज जिथे बसता तिथेच बसून तंगूस सोडा. मासे माणसाची रोजची जागा ओळखतात. नेहमीचा माणूस दबा धरून टँकच्या बाजूला उभा राहिला की त्यांना लगेच काहीतरी वेगळं वाटतं.

खाण्याला तो बधलाच नाही, तर त्याचा माज वापरा. डब्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून छोटा आरसा लावा, तोंड आतल्या बाजूला. हद्दीत दुसरा डॉमिनो आलाय असं वाटून तो आरशाशी भांडायला आत घुसतो. भांडणाऱ्या माशाला मागच्या दाराचं भान नसतं. आरशाची मागची बाजू उघडी ठेवू नका, तिचा लेप खाऱ्या पाण्यात सुटतो. आरसा दोन काचांमध्ये सिलिकॉनने बंद करा, आणि काम झालं की लगेच बाहेर काढा.

डबा हा शंभरातल्या बहुतेक माशांसाठी मी पहिला सांगतो, पण सगळ्यांसाठी नाही. सिक्सलाइन रॅससारखा मासा दगडांत चोरट्यासारखा फिरतो. तो डब्यात येतो, पण विजेसारखा आत-बाहेर करतो. हॅलिकोरिस जातीचे रॅस तर दिवे मालवायच्या आधीच वाळूत गडप होतात. त्यांना शोधायला वाळूत जाळी खुपसू नका, मासा फाटतो. खरं तर पहाट ही त्यांची वेळ. ते वाळूतून बाहेर येतात तेव्हा पहिली काही मिनिटं गुंगीत असतात. छोटे गोबी आणि ब्लेनी यांच्यासाठी बाटली पुरते. पाण्याची प्लास्टिकची बाटली गळ्याशी कापायची आणि गळा उलटा करून आत बसवायचा. कोकणात पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे धरायला ओहोळात बांबूच्या कामट्यांचा निमुळत्या तोंडाचा सापळा लावतात, त्याचंच हे घरगुती रूप. आत जायचा रस्ता रुंदाकडून अरुंदाकडे, बाहेरचा रस्ता सापडत नाही. फक्त बाटली रात्रभर ठेवून झोपू नका. आतलं पाणी खेळतं राहत नाही आणि सकाळी मेलेला मासा मिळतो. गरम सुईने भोकं पाडा आणि दर तासा-दोन तासांनी बघा.

रात्रीचा उपाय तुमच्या डॉमिनोला लागू पडू शकतो. डॅमसेल बहुधा ठरलेल्या भोकात झोपतो. दिवे बंद करून दीड-दोन तास जाऊ द्या, मग टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून बघा. लाल उजेड या माशांना फारसा जाणवत नाही. तीन रात्री तो एकाच दगडात दिसला आणि तो दगड सुटा असला, तर चौथ्या रात्री एकाने टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने दगड अगदी सावकाश उचलून, न तिरका करता, पाण्याखालीच मोठ्या टबात सरकवायचा. मग टब बाहेर. मासा बहुतेक वेळा बाहेर पळण्याऐवजी दगडात अजून आत शिरतो, आणि इथे ते आपल्या फायद्याचं असतं. दगड सिमेंटने किंवा एपॉक्सीने जोडलेले असतील तर हा मार्ग विसरा.

जाळी वापरायचीच असेल तर दोन वापरा. प्रवाळबेटांवर मासे पकडणारे प्रामाणिक पाणबुडे हेच करतात. बारीक धाग्याचं, जवळजवळ न दिसणारं जाळं भिंतीसारखं उभं करतात आणि मासा त्याच्याकडे हाकलतात. रानात हाकारे रान उठवतात आणि शिकारी दुसऱ्याच टोकाला बसलेला असतो, तसंच. डाव्या हातातली मोठी जाळी काचेला लावून स्थिर ठेवायची, तिला अजिबात हलवायचं नाही. उजव्या हातात एखादी काठी किंवा छोटी जाळी, आणि तिने सावकाश त्याला मोठ्या जाळीकडे रेटायचं. मासा हलणाऱ्या वस्तूला भितो, स्थिर वस्तूवर जाऊन आदळतो. यासाठी तो दगडांपासून तुटलेला हवा, म्हणून आधी मोकळ्या टोकाला खाणं घालायचं आणि मध्ये अ‍ॅक्रिलिकचा पत्रा किंवा दिव्याखाली वापरतात ती चौकटींची प्लास्टिक जाळी सरकवायची. तुमच्या टँकमध्ये एखादा फूट मोकळी जागा असेल तर जमेल.

प्रामाणिक पाणबुडे म्हटलं ते मुद्दाम. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये बाटलीतून सायनाइड फवारून दगडातले मासे गुंगवायची पद्धत सुरू झाली आणि नंतर इतरत्र पसरली. मासा अर्धमेला होऊन हाती येतो, बरेच नंतर मरतात, आजूबाजूचं प्रवाळ जागीच मरतं. घरी कोणी लवंगतेल टाकून मासा झोपवायचा सल्ला देतं, तेव्हा मला तेच आठवतं. लवंगतेल माशाला भूल देण्यासाठी वापरतात हे खरं, पण वेगळ्या भांड्यात, मोजून. चालत्या टँकमध्ये नाही. दगडाच्या भोकात पिचकारीने सोडलेलं औषध कोणाकोणापर्यंत पोचतं, हे आपल्याला दिसत नसतं.

गळाबद्दल विचारणारे नेहमी असतात. चालतो, मी दोनदा वापरलाय, आवडत नाही. गरी (गळाचा आकडा) सर्वांत बारीक, २० नंबरची किंवा त्याहून बारीक, आणि तिचं उलटं टोक पक्कडने दाबून सपाट केलेलं. काठी नको, तंगूस हातात. मासा गरी गिळेपर्यंत थांबायचं नाही, ओठाला लागताच उचलायचं. ओठाची जखम काही दिवसांत भरते. पहिल्या खेपेला माझ्या गळाला भलताच मासा लागला, जो मला ठेवायचा होता. क्लाउनची जोडी असलेल्या टँकमध्ये तुम्हाला हीच भीती आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. सगळे दगड काढावे लागतील का? एका माशासाठी, माझ्या मते, नाही. पंधरा दिवस डब्याला देऊन, रात्री बघून, मगच तिकडे वळा. टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला आणि सगळेच मासे औषधाच्या टँकमध्ये हलवायचे असतील, तर गोष्ट वेगळी. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये घालता येत नाही, झिंगे-गोगलगायी मरतात, आणि परजीवी उपाशी मरावा म्हणून टँक अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. तेव्हा एकही मासा मागे राहून चालत नाही. तिथे मी पहिल्याच दिवशी पाणी उपसतो.

पाणी उपसायची वेळ आलीच, तर हिशोब असा. तुमचा टँक बाहेरच्या मापाने साडेचारशे लिटरचा. दगड-वाळूची जागा वजा जाता दोन-तृतीयांश पाणी उपसायला अडीचशे-तीनशे लिटरची सोय लागेल, म्हणजे ५० लिटरचे सहा स्वच्छ ड्रम. आदल्या दिवशी साठ-सत्तर लिटर नवं खारं पाणी त्याच क्षारतेचं तयार ठेवा. हीटर सगळ्यात आधी बंद करा आणि पंधरा मिनिटं निवू द्या. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. मग बाकीचे सगळे प्लग काढा, बटणं नुसती बंद करून भागत नाही, खारं पाणी आणि वीज यांची गाठ वाईट. पाणी हळू नळीने वरून काढा, वाळू ढवळू नका. जुन्या खोल वाळूच्या तळाशी काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा थर असतो, तो वर आला तर डॉमिनोबरोबर क्लाउनही जातील.

पाणी सहा इंचांवर आलं की दगड एकेक काढा आणि प्रत्येक दगड पाण्याच्या टबावर धरून, फिरवून, हलवून बघा. माझ्या एका टँकमध्ये रात्री साडेबारापर्यंत सगळे दगड बाहेर निघाले आणि मासा कुठेच नाही. टँकखालच्या सम्पमध्ये (पाणी गाळायच्या टाकीत) पाहिलं, जमिनीवर पाहिलं, घरातल्या मांजरावर आळ घेतला. मासा तिसऱ्या टबातल्या दगडाच्या पोटात होता, आणि तो दगड मी नुसता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. वाचला, हे त्याचं नशीब. तेव्हापासून दगड पाण्यातच ठेवतो. पाणी परत भरताना ड्रममधलं वरचं स्वच्छ पाणी घाला, तळाचं गढूळ टाकून द्या, आणि पुढचे तीन दिवस रोज अमोनिया तपासा.

मासा कोंडला की त्याला कापडी जाळीने हवेत उचलू नका. पाण्याखालीच डबा आणा आणि पाण्यासकट काढा. डॉमिनोला काही होणार नाही, पण ही सवय ठेवा. एंजल माशाच्या गालाला काटा असतो, टँग माशाच्या शेपटीशी पात्यासारखा काटा असतो, दोन्ही जाळीत अडकून मासा जखमी होतो आणि सोडवताना आपली बोटंही. लायनफिश आणि फॉक्सफेस यांचे काटे विषारी. त्यांचा काटा लागलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात आणि डॉक्टर गाठतात.

समुद्रात सोडायचं म्हणता, ते करू नका. डॉमिनो हिंदी महासागरातलाच मासा, लक्षद्वीपलाही आहे, हे मान्य. पण तुमचा मासा कुठल्या देशातून आला, हे ना तुम्हाला माहीत ना दुकानदाराला, आणि तीन वर्षांत त्याच्या अंगावर टँकमधले कुठले रोगजंतू बसलेत तेही नाही. शिवाय वर्सोव्याच्या किंवा दादरच्या गढूळ पाण्यात तो एक रात्र काढेल असं वाटत नाही. आपल्याकडचा लायनफिश अटलांटिकमध्ये फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा सापडला तो १९८५ साली. तो टँकमधूनच तिथे गेला असं मानलं जातं, आणि आता कॅरिबियन समुद्रात तिथल्या छोट्या माशांचा त्याने फडशा पाडलाय.

त्यापेक्षा डबा पाण्यात उतरवायच्या आधीच त्याच्यासाठी घर बघा. पुण्यातल्या तुमच्या नेहमीच्या दुकानात विचारा. तिथे नाही घेतला तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारात विचारा. पैसे मिळतील असं धरू नका, फुकट घेतला तरी भाग्य. ट्रिगर किंवा मोठे ग्रूपर पाळणारा कोणी असेल तर उत्तम, तिथे डॉमिनो सरळ वागतो. नेताना टँकमधलंच पाणी, निम्मी भरलेली झाकणाची बादली, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, आणि उन्हाळा असेल तर सकाळी लवकर निघा. झाकण दोरीने बांधा. मी एकदा नुसतं ठेवलं होतं आणि घाटात गाडी थांबवून सीटखालून मासा शोधावा लागला.